अनुभव धागा: अ‍ॅफिलिएट लिंका कशा सांभाळता? आणि कुठली लिंक पैसे देते ते कसं कळतं?

खमंग डबा (धागाकर्ती)

मंडळी, माझ्या पोस्टींमधे अ‍ॅफिलिएट लिंका असतात, म्हणजे कोणी त्यांवरून वस्तू घेतली की मला थोडं कमिशन. दिवाळीच्या आधी एका वाचक ताईंचा मेसेज आला, "अहो तुमच्या चकलीच्या पोस्टमधली सोऱ्याची लिंक दाबली तर मोबाइलचं कव्हर येतंय". मला वाटलं त्यांनीच काहीतरी दुसरं दाबलं असेल, मी स्वतः दाबून बघितलं तर खरंच कव्हर! त्या विक्रेत्याने जुन्या पानावरचा सोऱ्या काढून तिथेच नवा माल चढवला होता, पत्ता तोच, रिव्ह्यू पण सोऱ्याचेच, "चकल्या काटेरी आल्या" वगैरे, आणि वर फोटो कव्हरचा. शॉपिंग साइटचं नाव घेत नाही, तसं कुठेही होऊ शकतं.

मग बसले एका रविवारी. साडेतीनशे पोस्टी आहेत सात वर्षांच्या, नवऱ्याला बाजूला बसवून एकेक लिंक दाबत गेलो, संध्याकाळपर्यंत साठ पोस्टी झाल्या आणि त्यात एकवीस लिंका मेलेल्या निघाल्या. कुठे "सध्या उपलब्ध नाही", कुठे पानच नाही, तीन ठिकाणी तर माझा टॅगच (विक्री माझ्या नावावर मोजणारी लिंकेतली खूण) नव्हता, म्हणजे लोक घेत होते आणि मला काहीच मिळत नव्हतं. टॅग नसलेल्याचंच जास्त लागलं हो.

तर तुम्ही कसं करता ते लिहा. प्लगइन (ब्लॉगला जोडायचा छोटा प्रोग्राम), वही, एक्सेल, काही पण चालेल. फजित्या तर जरूर लिहा. स्वतःच्या लिंका मात्र इथे चिकटवू नका.

गडवाला

मी ट्रेकच्या सामानावर लिहितो. पहिली दोन वर्षं एकच ट्रॅकिंग आयडी (म्हणजे तोच टॅग) होता, महिन्याच्या शेवटी अकराशे रुपये दिसायचे पण ते बुटांचे की बॅगेचे की कशाचे, काही पत्ता नाही. नंतर कळलं की अ‍ॅमेझॉनवर एकाच खात्यात शंभरापर्यंत ट्रॅकिंग आयडी काढता येतात, शेवटी भारताचं -२१ असतं, पुढचं नाव आपण मागायचं. मी सहाच काढले: बूट, बॅग, तंबू, पावसाळा, दिवे, आणि एक "यादी". प्रत्येक पोस्टीला वेगळा काढायच्या भानगडीत पडू नका, दोन महिन्यात आपलंच आपल्याला आठवत नाही कुठला कशाचा.

आणि मग जे दिसलं त्याने माझा इगोच गेला. तंबूचा रिव्ह्यू मी भर पावसात हरिश्चंद्रगडावर दोन रात्री काढून लिहिला होता, तीन हजार शब्द, बावीस फोटो. त्यातून वर्षभरात एक तंबू. आणि "राजमाचीला पहिल्यांदा जाताना काय न्यावं" ही पोस्ट मी एसटीत बसून अर्ध्या तासात लिहिलेली, त्यातून पोंचो, हेडलॅम्प, पाण्याची पिशवी असं रोज काही ना काही जातंच. स्वस्त वस्तू, पण जातात. आयडी वेगळे नसते तर मी अजून तंबूंवरच लिहीत बसलो असतो.

अजून एक गंमत, रिपोर्टमधे काय विकलं गेलं त्याची यादी येते. माणूस आपल्या लिंकवरून गेला की चोवीस तासात जे काही ऑर्डर करेल ते आपल्या खात्यात. त्यामुळे माझ्या तंबूच्या लिंकवरून कुकरची गास्केट, पाच किलो तूरडाळ आणि एकदा बाळाचं पाळण्यातलं खेळणं गेलंय. कार्टमधे चोवीस तासात टाकून ठेवलं तर नंतरही धरतात, साधारण नव्वद दिवसांपर्यंत. म्हणून "सणाचा सेल सुरू होतोय, आधीच कार्टमधे टाकून ठेवा" असं लिहिण्याला अर्थ आहे.

वाचनवेडी

माझी फजिती मोठी आहे, बसून वाचा.

मी इंग्रजी पुस्तकांवर मराठीतून लिहिते. बुक डिपॉझिटरी आठवतंय का कोणाला, जगात कुठेही पोस्टेज न घेता पुस्तक पाठवायचे? मी सगळ्या लिंका तिथल्याच दिल्या होत्या, दोनशेच्या आसपास. २०२३ च्या एप्रिलमधे त्यांनी दुकान बंद केलं. आधी जाहीर केलं होतं त्यांनी, चूक माझी, मी तो मेल वाचलाच नाही. मे महिन्यात एकाने कळवलं तेव्हा समजलं. आणि मी ब्लॉगस्पॉटवर! तिथे सगळ्या पोस्टींमधे एकदम शोधून बदलायची सोय नाही. भाचा सुट्टीला आला होता त्याला दर पोस्टीमागे पाच रुपये कबूल केले, त्याने चार दिवसात उरकलं, वर माझ्या शुद्धलेखनाच्या चुका पण काढल्या (त्याचे वेगळे पैसे मागत होता, दिले नाहीत).

त्यानंतर वर्डप्रेसवर आले आणि आता मधला पत्ता वापरते. म्हणजे पोस्टीत माझ्याच साइटचा पत्ता असतो, /पुस्तक/ आणि पुढे नाव, आणि तो कुठे न्यायचा हे एकाच जागी ठरवते. प्रीटी लिंक्स हे प्लगइन आहे माझ्याकडे, थर्स्टी अ‍ॅफिलिएट्स पण तेच करतं. उद्या दुकान बुडालं तर एका ठिकाणी बदललं की झालं.

दोन कंसवाला

वाचनवेडी ताई, पद्धत चांगली पण एक धोका सांगतो. अ‍ॅमेझॉनच्या लिंकांना हे करताना जपून. त्यांच्या नियमात आहे की आपण कुठे चाललोय हे वाचकाला स्पष्ट कळलं पाहिजे, लिंक झाकून त्यांच्या साइटचं नाव लपवायचं नाही. मी त्यांच्या लिंका सरळ ठेवतो, फक्त कचरा काढून. शोधातून कॉपी केलेली लिंक हातभर लांब असते, त्यातलं साइटचं नाव, /dp/ हा तुकडा, पुढचा दहा अक्षरांचा वस्तूचा नंबर आणि आपला टॅग एवढंच लागतं. बाकीच्या दुकानांना, कोर्सना, होस्टिंगला मधला पत्ता खुशाल वापरा, त्यांचेही नियम बघून.

दुसरं म्हणजे वळवताना ३०१ लावू नका, ३०२ किंवा ३०७ लावा.

तिसरं, प्लगइनमधल्या क्लिकच्या आकड्यावर हुरळून जाऊ नका. मला एका लिंकवर महिन्यात नऊशे क्लिक दिसत होते आणि दुकानाच्या डॅशबोर्डवर एकशे चाळीस. बाकीचे बॉट, म्हणजे आपोआप पानं उघडत फिरणारे प्रोग्राम. तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक टाकली की ते चित्र आणण्यासाठी स्वतःच एकदा उघडून बघतं, तोही क्लिकच मोजला जातो काही ठिकाणी. रोबॉट्स फाइलमधे (बॉटांना कुठे यायचं नाही ते सांगणारी फाइल) मधल्या पत्त्यांचा फोल्डर बंद करून टाका, निदान सभ्य बॉट तरी थांबतात. आणि लिंकच्या कोडमधे स्पॉन्सर्ड हा शब्द लावा, म्हणजे ही पैशाची लिंक आहे हे गूगलला कळतं, गूगलने २०१९ मधे आणलाय, त्याआधी सगळे नोफॉलो लावायचे, ते पण चालतं अजून.

खमंग डबा

३०१, ३०२ म्हणजे काय ते पोळ्या लाटणाऱ्या बाईला समजेल असं सांगा की दादा.

दोन कंसवाला

३०१ म्हणजे "आम्ही कायमचे कोथरूडला राहायला गेलो". पोस्टमन वहीत लिहून ठेवतो, पुढच्या वेळी जुन्या दारात येतच नाही, परस्पर कोथरूडला. तुम्ही नंतर तिथूनही हललात तरी तो तिथेच जाणार. ब्राउझर तसंच करतं, लक्षात ठेवून. ३०२ म्हणजे "सध्या मामाकडे आहोत", मग तो दर वेळी आधी तुमच्या दारात येऊन विचारतो. आपल्याला लिंक बदलत राहायची असते म्हणून मामाकडेच बरं.

गच्चीवरची बाग

मी यातलं काही वापरत नाही. माझ्याकडे लांब वही आहे, किराणा दुकानात उधारीची असते तसली. पोस्टीचं नाव, वस्तू, कुठल्या दुकानाची, कधी तपासली. एवढंच. मुलगी म्हणते आई एक्सेलमधे टाक, टाकलं पण, पण वही उघडायला लाइट लागत नाही.

वर्षातून दोनदा तपासते, मृगाच्या आधी आणि दिवाळीनंतर, कारण बागेचं सामान तेव्हाच विकलं जातं. मेच्या शेवटी कोकोपीट, ग्रो बॅग, निंबोळी पेंड बघायची. इतर वेळी लिंक मेली तरी कोण दाबतंय? बारा महिने धावाधाव करू नका, तुमचा हंगाम कधी ते बघा. खमंग डबा ताई, तुमचा सोऱ्या सप्टेंबरात तपासा, मोदकाचा साचा जुलैमधे.

आणि सगळंच लिंकेने मोजता येत नाही. इथल्या एका नर्सरीवाल्यांची वेबसाइट नाही, फोनवर ऑर्डर घेतात. मी वाचकांना सांगते की माझ्या बागेचं नाव सांगा, दहा टक्के कमी करतील. ते त्यांच्या वहीत माझ्या नावापुढे रेघा मारतात आणि महिन्याच्या शेवटी हिशोब. एकदा मला वाटलं कमी रेघा मारल्यात, पुढच्या महिन्यात त्यांनीच फोन करून सांगितलं, ताई मागच्या सात राहिल्या होत्या. डॅशबोर्डवाले करतात का असा फोन?

हिशोबनीस

ब्लॉग बायकोचा, हिशोब माझ्याकडे.

लोक क्लिक बघतात, मी बँक बघतो. तीन आकडे वेगळे असतात ते समजून घ्या: ऑर्डर झालेलं, पाठवलं गेलेलं, आणि परत आलेलं वजा जाऊन हातात पडलेलं. कपडे आणि चपलांच्या लिंका देणाऱ्यांनी तर पहिल्या आकड्यावर पार्टी करूच नये. आणि पैसे येतात महिना संपल्यावर साधारण साठ दिवसांनी, म्हणजे ऑक्टोबरची कमाई डिसेंबर-जानेवारीत. आमच्याकडे दर जानेवारीत "या महिन्यात काहीच लिहिलं नाही तरी इतके कसे आले" हा संवाद होतो, दर वर्षी.

टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापलेला कर, बघत जा. कमिशनवर आयकराच्या १९४एच कलमाखाली कापायचे, आधी पाच टक्के, १ ऑक्टोबर २०२४ पासून दोन टक्के झाले. वर्षाला पंधरा हजारांची मर्यादा होती ती एप्रिल २०२५ पासून वीस हजार. कापलेले पैसे आयकर खात्याच्या २६एएस फॉर्ममधे दिसतात, रिटर्न भरला तर हिशोबात धरले जातात, पण "माझं उत्पन्न कमी आहे" म्हणून न भरणारे बरेच जण ते तसेच सोडून देतात. त्या फॉर्ममधल्या रकमेशी डॅशबोर्डची बेरीज जुळवून बघायची, आमची एकदा जुळली नाही तेव्हा कळलं की बायकोने एका जुन्या अ‍ॅफिलिएट नेटवर्कवर दुसऱ्या मेलने खातं काढलं होतं आणि विसरली होती. त्यात अडीच हजार पडून होते, तिची साडी झाली.

परदेशी पुरणपोळी

न्यू जर्सीहून. माझे निम्मे वाचक इथले, निम्मे तिकडचे. पहिली तीन वर्षं फक्त इकडची लिंक द्यायचे, -२० वाली, आणि सांगली-साताऱ्याच्या बायका दाबून बघायच्या आणि डॉलर बघून परत जायच्या. भारताचं खातं वेगळं, इकडचं वेगळं, एकातलं दुसऱ्यात मोजलं जात नाही. देश ओळखून आपोआप वळवणारं एक टूल लावून पाहिलं, पण पुरणयंत्र इकडे मिळतच नाही म्हटल्यावर ते बिचारं वळवणार कुठे, बटाट्याच्या रायसरवर नेऊन सोडायचं. आता सरळ दोन लिंका, "भारतात" आणि "अमेरिकेत", एकाखाली एक. दिसायला गावठी, पण चालतं.

क्लिक मोजायला जीए४ (गूगल अ‍ॅनॅलिटिक्स ४) वापरते, त्यात एन्हान्स्ड मेझरमेंट ही सेटिंग चालू असली की बाहेर जाणारे क्लिक आपोआप नोंदले जातात, वेगळं काही लावावं लागत नाही. जुनं अ‍ॅनॅलिटिक्स १ जुलै २०२३ ला थांबलं तेव्हा मी जुने आकडे उतरवून घेतले नव्हते, ते गेले. आणि हो, "या लिंकवरून घेतलंत तर मला थोडे पैसे मिळतात" हे मी लिंकेच्या आधी लिहिते, तळाला नाही. ठळकपणे सांगायचा इथे नियमच आहे, तिकडेही आता आहे. वाचक पळतील असं वाटलं होतं, उलट एक आजी म्हणाल्या, अगं आधी सांगायचंस, सूनबाईचा फूड प्रोसेसर तुझ्याकडूनच घेतला असता.

नवा भिडू

माझं छोटं आहे. एका साइटवर खातं काढलं, १८० दिवसात तीन विक्री झाल्या नाहीत तर बंद असा नियम. मी काय केलं, मावशी, काका आणि रूममेटला लिंक पाठवून घ्यायला लावलं. तिन्ही ऑर्डर बाद. स्वतःची आणि घरच्यांची खरेदी चालत नाही असं आधीच लिहिलेलं होतं, मी वाचलं नव्हतं. खातं गेलं. काकांना त्या हेडफोनचा काही उपयोग नाही, ते मलाच परत आलेत.

गडवाला

नवा भिडू 😂 परत अर्ज करता येतो, आधी तीस-चाळीस पोस्टी होऊ देत मग कर.

खमंग डबा

किती छान लिहिलंत सगळ्यांनी. गच्चीवरची बाग ताईंचं ऐकून वही केली आहे, आणि टॅग पाचच काढलेत: भांडी, यंत्रं, साचे, पुस्तकं, किरकोळ. राहिलेल्या पोस्टी रोज दहा अशा चालल्यात. सोऱ्याची लिंक काढूनच टाकली. तिथे लिहिलं, पितळी घ्यायचा असेल तर तुळशीबागेत जाऊन दांडा फिरवून बघून घ्या.

गडवाला

तुळशीबागेला टॅग लावता येतो का?

नवी सुगरण

उशिरा आले धाग्यावर. मी अजून ब्लॉगस्पॉटवरच आहे, वाचनवेडी ताईंचं वाचून धडकीच भरली. लिंका बदलायच्या आधी सगळ्याचा बॅकअप कुठून घ्यायचा?

वाचनवेडी

सेटिंग्जमधे खाली जा, ब्लॉग मॅनेज करा असं आहे तिथे बॅकअपचं बटण आहे. तिथून सगळ्या पोस्टींची फाइल मिळते. ती साध्या एडिटरमधे उघडून जुन्या दुकानाचं नाव शोधलं की किती ठिकाणी आहे ते एका मिनिटात कळतं. मला हे भाच्याला पैसे दिल्यावर कळलं.