अनुभव धागा: पोरांच्या स्काउट-गाईड पथकात तुम्ही कधी ताई-दादा झालात का?

रविवारची_ताई

दिवाळीची सफाई सुरू आहे. काल माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली घेतली तर वरच माझा गाईडचा स्कार्फ निघाला, वॉगलसकट (गळ्याशी अडकवायची कडी) घडी घातलेला. त्याखाली सुती दोरीचे दोन तुकडे, रीफ नॉटने जोडलेले. गाठ अजून जशीच्या तशी. तिथेच पायरीवर बसून राहिले, सफाई गेली बाजूला.

लेक दहाची झाली तेव्हा आमच्या वस्तीत गाईड पथक सुरू करायचं ठरलं होतं. शाळेचं नाही, ओपन ग्रुप. मुली भरपूर होत्या, कॅप्टन व्हायला बाई मिळत नव्हती. मी हो म्हटलं. सात दिवसांचा बेसिक कोर्स केला आणि दर रविवारी सकाळी सातला मैदानावर जायला लागले. लेकीला एकच सांगितलं होतं, मैदानावर मी सगळ्यांची ताई, घरी तुझी आई. तिने ते इतकं मनावर घेतलं की मैदानाच्या फाटकातून आत पाय टाकला की ती माझा हात सोडायची.

२०१८ च्या डिसेंबरात नागपूरचा पारा ३.५ वर उतरला होता ते तुम्हाला आठवत असेल. नेमकं त्याच आठवड्यात रामटेकजवळ आमचं शिबिर, तंबूत दोन रात्री. दुसऱ्या रात्री मी टॉर्च घेऊन प्रत्येक तंबूत गेले. एकेकीचे पाय हाताने चाचपले, कोणाला माझे मोजे दिले, कोणाला गरम पाणी. लेकीच्या तंबूत विचारलं, "सगळ्या ठीक ना?" आतून आवाज आला, "हो ताई." मी पुढे गेले. पाय चाचपायचे राहिले ते याच एका तंबूतले.

परतताना बसमध्ये ती माझ्या शेजारी बसली. कन्हानचा पूल गेला तसा तिने स्कार्फ काढला, नीट घडी केली, मांडीवर ठेवला आणि विचारलं, "आता आई म्हणू का?" मी हो म्हटल्यावर बूट काढले. मोजे ओले. आदल्या संध्याकाळी भांडी धुवायच्या खड्ड्यात पाय गेला होता आणि दुसरा जोड तिने कोणाला तरी देऊन टाकला होता. बोटं पांढरी पडून सुरकुतलेली. "काल काहून नाही सांगितलं?" तर म्हणे, "तू ताई होती ना. सगळ्या म्हणल्या असत्या, हिची आई आहे म्हणून."

कामठी रोडभर मी तिचे पाय ओढणीत धरून चोळत आले. आज ती पुण्यात शिकते. तो ओला मोजा माझ्या हाताला अजून लागतो.

तुम्ही हे काम केलं असेल तर लिहा. त्यात आपल्या स्वतःच्या पोराचं काय झालं, तेही लिहा.

धंतोलीची

वाचता वाचता पोळी करपली माझी. ताई, तुमच्या लेकीला माझ्याकडून एक पापा.

लांब_गाठ

माझंही हेच दुखणं. स्काउट पथक, पाच वर्षं. संघनायक निवडायचा होता, पोरांनीच ठरवायचं असा आमचा रिवाज. दोघांना सारखी मतं पडली, त्यातला एक माझा पोरगा. सगळे माझ्याकडे पाहायला लागले. मी दुसऱ्याचं नाव घेतलं. तो पोरगाही चांगलाच होता, त्यात शंका नाही. पण माझा पोरगा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी आईला म्हणे, बाबा घरचे नसते तर मी झालो असतो. हे खरं होतं हो. आज माझ्यावर तीच पाळी आली तर मी चिठ्ठी टाकीन, स्वतः नाव घेणार नाही.

धंतोलीची

@लांब_गाठ चिठ्ठी बरोबर. माझे सासरे शाळेत हेडमास्तर होते, आमच्या यांना वर्गात सगळ्यात जास्त मार त्यांचाच. अजून सांगतात.

अजनीकर

मी उलट्या बाजूने लिहितो, मी तो पोरगा आहे. बाबा रेल्वेत, अजनीच्या क्वार्टरमध्ये राहायचो. रेल्वेच्या स्काउटांचा कारभार वेगळा असतो, बाबा त्यात स्काउटमास्टर. मे महिन्यात नागपूर स्टेशनवर जलसेवा असायची. बाहेर ४५, फलाटाच्या पत्र्याखाली त्याहून जास्त वाटायचं. गाडी थांबली की खिडक्यांतून बाटल्याच बाटल्या बाहेर. जनरलच्या डब्याला सगळ्यात आधी, कारण तिथल्या माणसाला उतरता येत नाही, उतरला तर जागा जाते. हे बाबांनी शिकवलं.

मी बादली धरायचो, घसा कोरडा पडायचा. बाबा म्हणायचे गाडी सुटू दे. गार्डचा डबा पुढून गेला की तेच पहिला मग मला द्यायचे, मग बाकी पोरांना, आणि स्वतः शेवटी. म्हणजे रांगेत मी त्यांच्या आधी होतो, हे मला त्या वयात कळलं नाही. बाबा जाऊन चार वर्षं झाली.

आता साइटवर आहे, बाकी रात्री लिहितो.

रविवारची_ताई

@अजनीकर दादा, रात्री नक्की लिहा. आम्ही वाट पाहतो.

सदर_बाजार

आमच्या शाळेत स्काउट नव्हतं, आरएसपी होतं, म्हणजे रोड सेफ्टी पेट्रोल. पांढरा पट्टा आणि शिट्टी. शाळा सुटताना चौकात रहदारी थांबवायचो, काय रुबाब वाटायचा! कोणी आरएसपीवालं आहे का इथे?

वाडी_नाका

@सदर_बाजार हाव! १९९४ ची बॅच. ती शिट्टी माझ्याकडे अजून आहे, पोट्टे वाजवून वाजवून डोकं उठवतात.

अकेला_मावशी

मी कबची अकेला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, दहा वर्षांपर्यंतच्या लहान मुलांच्या गटाला कब म्हणतात आणि त्यांच्या मोठ्या माणसाला अकेला. हे नाव किपलिंगच्या 'जंगल बुक'मधल्या लांडग्यांच्या म्होरक्याचं. बेडन-पॉवेलने १९१६ साली लहान मुलांसाठी कब सुरू केलं तेव्हा ती गोष्टच घेतली. आणि त्या गोष्टीतलं जंगल आहे शिवनीचं, म्हणजे आपल्या जबलपूर रोडवर, पेंचला लागून!

एकदा अठरा कब घेऊन पेंचला निघालो होतो. वाटेत हे सगळं मुलांना सांगितलं. खवासा गेलं, शिवनीचा बोर्ड दिसला आणि मागच्या सीटवरून एक पिटुकला ओरडला, "अकेला, तुमचं गाव आलं!" मग सगळी बस मला माझं घर विचारायला लागली. खिडकीतून प्रत्येक झाडाकडे बोट, "हे का? हे का?" मी शेवटी एका मोहाच्या झाडाला हो म्हटलं. येताना त्या झाडाला सगळ्यांनी टाटा केला.

माझा धाकटा त्यातच होता. त्या दिवशी त्यालाही मी खरंच तिथलीच वाटले. घरी येऊन आजीला सांगितलं, आईचं माहेर जंगलात आहे.

धंतोलीची

@अकेला_मावशी मोहाला टाटा 😄😄 किती गोड.

गोवरीवरचा_रोडगा

शिबिर म्हटलं की जेवणावर आलंच पाहिजे. स्काउटमध्ये बिनभांड्याचा स्वयंपाक असतो, पुस्तकात बटाटा निखाऱ्यात भाजा वगैरे दिलं आहे. आमच्या पथकाने रोडगे केले! विदर्भातल्या पोरांना हे शिकवावं लागतच नाही. जाडं दळलेल्या गव्हाची कणिक, पदर घालून गोळे, गोवऱ्यांचा आर पडला की त्यात पुरायचे. फुटले की काढायचे, राख झटकायची, तुपात बुडवायचे. वांग्याच्या भाजीला तेवढं एक पातेलं घेतलं, परीक्षकांनी डोळेझाक केली आणि स्वतः तीन रोडगे खाल्ले.

वाडी_नाका

पदर घालताना मधे तेलाचं बोट लावता की नाही? आमच्याकडे नाही लावत, नुसतं पीठ भुरभुरतात.

गोवरीवरचा_रोडगा

तेल लावायचंच, नाहीतर आतून कच्चा राहतो. आणि पळसाची पानं असतील तर पानगे करा, दोन पानांच्या मधे थापून. आतून पानाचा वास येते.

कोराडी_रोड

मी थोडं वेगळं लिहिते. मनात खूप दिवसांपासून आहे. आमच्या पथकाला एका शाळेचं मैदान मिळालं होतं, रविवारी दोन तास. तिसऱ्या महिन्यात फाटकाला कुलूप. विचारायला गेले तर उत्तर मिळालं, परीक्षेचं वर्ष आहे, हे रिकामे उद्योग कशाला. बावीस पोरं रस्त्यावर स्कार्फ घालून उभी. काही पालक गाडीतूनच पोर उतरवून जायचे, त्यांना कुलूप दिसलंही नाही.

त्या दिवशी आम्ही फुटाळा तलावाच्या काठावर चालत गेलो आणि तिथेच मागोवा चिन्हं शिकवली. दगडांचा बाण, गवताची गाठ, गोलात ठिपका म्हणजे 'मी घरी गेलो'. पुढचं सगळं वर्ष असंच, कधी सेमिनरी हिल्स, कधी अंबाझरी. मैदान पुन्हा मागितलं नाही. पण त्या कुलपाचा राग माझा गेला नाही, आणि जाऊही नये असं मला वाटतं. मुलांना रविवारचे दोन तास मोकळं मैदान मिळू नये?

लांब_गाठ

@कोराडी_रोड शंभर टक्के. आम्हाला एका मंदिराच्या ट्रस्टने आवार दिलं म्हणून निभावलं.

पांढरा_खडू

आमच्या पथकात एक मुलगा होता, ऐकू येत नव्हतं. त्याची आई पहिल्या दिवशी सांगायला आली की घ्याल का, तो मागे राहील. तुम्हाला माहीतच आहे, स्काउटमध्ये नालाकृती करा, रांग करा हे सगळं हाताच्या खुणांवर चालतं. मी हात वर केला की बाकीचे बोलत असायचे, त्याचे डोळे माझ्या हातावर. महिनाभरात तो सगळ्यात आधी जागेवर. मग बाकीची पोरं माझ्याकडे न बघता त्याच्याकडे बघून हलायला लागली. त्याची आई पुढे चार वर्षं आमच्या समितीत होती, शिबिराचा सगळा किराणा तीच इतवारीतून आणायची.

नवीन_बाबा

सगळं वाचलं. मुलगा आठ वर्षांचा आहे, मोबाईल सुटत नाही. बायको म्हणून राहिली तू काहीतरी सुरू कर. पण मी कधी स्काउटमध्ये नव्हतो. जमते का?

अकेला_मावशी

जमते. मीही नव्हते. आठ म्हणजे कबमध्ये. भारत स्काउट्स आणि गाईड्सच्या जिल्हा कार्यालयात जाऊन विचारा, ओपन ग्रुपची नोंदणी कशी करायची ते सांगतात. मग कबमास्टरचा बेसिक कोर्स. एका पॅकमध्ये २४ च्या वर मुलं घेऊ नका आणि मदतीला दुसरं मोठं माणूस पाहिजेच. एकट्याने सुरू करू नका. पुढे आवड लागली तर पचमढीला राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र आहे, इटारसीला गाडी बदलून पिपरिया, तिथून वर घाट. मी गेले होते, तिथला सकाळचा झेंडा विसरत नाही.

लांब_गाठ

@नवीन_बाबा आधी गाठी शिका, आजच. रीफ नॉट: उजवं टोक डाव्यावर, मग डावं उजव्यावर. दोन्ही टोकं आपापल्या दोरीला चिकटून पडली पाहिजेत. आडवी निघाली तर ती आजीबाईची गाठ, सुटते. रीफ नॉट सपाट बसते म्हणून झोळीच्या पट्टीला तीच मारतात, मानेला टोचत नाही. माझा पोरगा (तोच, संघनायक न झालेला) कॉलेजात असताना रहाटे कॉलनीजवळ एका बाईंची गाडी घसरली, त्याने त्यांच्याच स्टोलची झोळी करून हात बांधला. घरी येऊन मला सांगितलं तेव्हा आधी गाठीचं सांगितलं. आणि दोरी नायलॉनची घेऊ नका, सरकते. सुतीच घ्या.

नवीन_बाबा

सुती दोरी कुठे मिळते? आमच्या इकडे हार्डवेअरवाल्याकडे सगळी नायलॉनच.

अजनीकर

साइटवरून आलो. रात्री लिहितो म्हटलं होतं, पण बादलीचं लिहून झाल्यावर पुढचं लिहवत नाही आहे. बाबांचा स्कार्फ आईने जपून ठेवला आहे, तो आज काढून पाहिला. एवढंच.

धंतोलीची

@अजनीकर 🙏

रविवारची_ताई

@अजनीकर दादा, पुरे आहे तेवढं.

आत्ता लेकीला फोन केला. ओल्या मोज्याचं विचारलं तर तिला आठवतच नाही! मी दोनदा सांगितलं, कन्हानचा पूल, स्कार्फची घडी. नाहीच. तिला आठवते ते त्या रात्री आर विझत आला तरी आम्ही शेकोटीभोवती बसलो होतो ते, आणि सकाळी मी तिच्या तंबूची दोरी घट्ट करताना तिने पाहिलं ते. मला ते काही आठवत नाही. दोरीचं विचारलं तर म्हणे ती गाठ माझीच आहे, सोडू नको.

@नवीन_बाबा, पेटीत अजून बारा दोऱ्या आहेत, सगळ्या सुती, टोकं दोऱ्याने गुंडाळलेली. तुम्हाला देते. त्या जोडलेल्या दोन सोडून. रविवारी सकाळी सातला महाराजबागेच्या फाटकाशी या, मुलालाही आणा.

नवीन_बाबा

येतो ताई. तो सातला उठत नाही, पण आणतो.

वाडी_नाका

रोडग्याला तेलच लावून पाहिलं आज. बरोबर होतं तुमचं.