स्ट्रएनकॅटला मर्यादा देऊनही शेजारचा बाइट का पुसला जातो?

प्रश्न: माग_फर्मवेअर (सोलापूर)

अक्कलकोट रोड एमआयडीसीतील एका टॉवेल कारखान्यात मागांवर बसवलेल्या छोट्या बोर्डांचे सी भाषेतील फर्मवेअर आमच्याकडे आहे. माग थांबला की बोर्ड एक ओळ तयार करून सिरियल पोर्टवरून ऑफिसातील संगणकाकडे पाठवतो. गाव, शेड, माग क्रमांक आणि थांबण्याचे कारण हे चार भाग अर्धविरामांनी एकामागोमाग जोडले जातात. मजकूर यूटीएफ-८ (अक्षरे बाइटांत साठवण्याची पद्धत) मराठीत असतो; आकडे मात्र आस्कीतले, म्हणजे एकेका बाइटचे.

एका स्ट्रक्चरमध्ये ‘संदेश’ हा ६४ बाइटांचा कॅरेक्टर ॲरे आहे आणि त्याला लागूनच ‘माग’ हा एका बाइटचा सदस्य आहे. कारण ‘बीम’ असेल तर सारे व्यवस्थित चालते. ‘ताणा तुटला’ हे कारण आले की त्या ओळीच्या शेवटी एक चौकोन उमटतो आणि पुढच्या ओळीपासून माग १७ च्या जागी माग ० दिसू लागतो, तो बोर्ड रीसेट करेपर्यंत. जोडणीची ओळ अशी आहे (स्ट्रएनकॅट एका मजकुरामागे दुसरा जोडते, साइझऑफ ॲरेचा आकार देते आणि स्ट्रलेन आत असलेल्या मजकुराची लांबी):

स्ट्रएनकॅट(संदेश, कारण, साइझऑफ(संदेश) - स्ट्रलेन(संदेश));

सहकाऱ्यांचे म्हणणे असे, की स्ट्रएनकॅट मर्यादा पाळते, त्यामुळे दोष सिरियल इंटरप्टमध्ये, म्हणजे चालू काम मध्येच थांबवून पोर्ट हाताळणाऱ्या कोडमध्ये, असला पाहिजे. हे कितपत खरे आहे, आणि बफर, म्हणजे ‘संदेश’ची जागा, १२८ बाइटांचा केला तर प्रश्न सुटेल का? कारणांची यादी कारखाना स्वतः बदलतो, हेही लक्षात घ्यावे.

उत्तर: जुना_सीवाला

इंटरप्टचा येथे काही संबंध दिसत नाही. स्ट्रएनकॅटचा तिसरा आकडा हा बफरचा आकार नसतो, आणि उरलेली जागाही नसते. स्रोतातून जास्तीत जास्त किती बाइट उचलायचे एवढेच तो सांगतो, आणि तेवढे उचलून झाल्यावर शेवटचा नल बाइट (मजकूर संपल्याची शून्य किमतीची खूण) हे फंक्शन आणखी एका जागेवर, न चुकता, लिहिते. म्हणून तुमच्या ओळीत आणखी एक वजा करायला हवा होता.

तुमच्याच ओळीचे बाइट मोजू. ‘सोलापूर’ या शब्दात काना, मात्रा, ऊकार धरून सात कोडपॉइंट (स्वतंत्र क्रमांक असलेली चिन्हे) आहेत आणि देवनागरीचा प्रत्येक कोडपॉइंट यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतो, म्हणजे २१. अर्धविराम धरून २२. ‘शेड २;’ चे १२ धरले की ३४ आणि ‘माग १७;’ चे १३ मिळवले की ४७. उरले १७. ‘ताणा तुटला’ २८ बाइटांचे आहे, त्यातले १७ उचलले गेले, ६४ च्या ६४ जागा भरल्या आणि नल पडला तो पासष्टाव्या बाइटवर. तिथे तुमचा माग क्रमांक राहतो. म्हणून शून्य, दुसरी कुठलीही संख्या नाही.

याच कुटुंबातल्या स्ट्रएनकॉपीमध्ये तिसरा आकडा खरोखरच गंतव्याची रुंदी असतो, पण तिथे स्रोत लांब असेल तर शेवटी नल लागत नाही आणि आखूड असेल तर उरलेली सगळी जागा शून्यांनी भरली जाते. जुन्या युनिक्समधील फाइलनावाच्या १४ बाइटांच्या ठरावीक रकान्यासाठी ती सोय होती. सारख्या दिसणाऱ्या दोन नावांमध्ये एकाच आकड्याचे दोन अर्थ आहेत. लोक फसतात यात नवल नाही.

उत्तर: बाइट_हिशेब

वरचे विवेचन बरोबर आहे, मात्र एक वजा करून थांबू नये, असे माझे मत आहे. संदेशात काही कारणाने नल नसेल तर स्ट्रलेन तो शोधत बफरच्या पलीकडे धावत जाते आणि वजाबाकी चिन्हरहित (उणे संख्या नसलेल्या) प्रकारात असल्यामुळे उणे न होता प्रचंड मोठी होते. शिवाय हीच ओळ उद्या एखाद्या फंक्शनमध्ये हलवली आणि संदेश पॉइंटर (म्हणजे फक्त मेमरीतील पत्ता) म्हणून आला, की साइझऑफ ६४ ऐवजी पॉइंटरचा आकार सांगते. ३२ बिटांच्या बोर्डवर तो ४ असतो.

त्याऐवजी स्ट्रएलकॅट वापरता येते; त्याला बफरचा पूर्ण आकार द्यायचा असतो. टॉड मिलर आणि थिओ डी राट यांनी ते ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी १९९८ मध्ये आणले, लिनक्सवरील सी लायब्ररी जीलिबसीमध्ये ते २०२३ साली २.३८ आवृत्तीत आले, आणि पॉसिक्स या युनिक्स मानकाच्या २०२४ च्या आवृत्तीतही त्याला जागा मिळाली. छोट्या बोर्डांवर वापरल्या जाणाऱ्या न्यूलिब या सी लायब्ररीत ते आहेच, त्यामुळे तुमच्या बोर्डवर अडचण येऊ नये. पूर्ण ओळ मावली असती तर तिची लांबी किती झाली असती, हे त्याचे परतमूल्य सांगते. ते बफरच्या आकाराएवढे किंवा त्याहून मोठे आले तर मजकूर कापला गेला आहे.

एसएनप्रिंटएफने (दिलेल्या साच्यात, दिलेल्या आकारापर्यंत मजकूर लिहिणाऱ्या फंक्शनने) चारही भाग एकाच हाकेत लिहिणे मला अधिक पसंत आहे. फक्त ते तुकड्यातुकड्याने वापरताना परतमूल्य तपासल्याशिवाय स्थानात मिळवत जाऊ नये. तेही ‘लिहिले असते’ ती लांबी देते, त्यामुळे मजकूर कापला गेला की स्थान आकाराच्या पुढे जाते आणि ‘आकार वजा स्थान’ पुन्हा तसेच प्रचंड होते. लिनक्स कर्नलमध्ये प्रत्यक्ष लिहिलेली लांबी परत करणारे एससीएनप्रिंटएफ वेगळे ठेवले आहे, ते याचसाठी.

माग_फर्मवेअर

दोघांचेही आभार. एक वजा केल्यावर माग क्रमांक टिकतो, आणि चौकोनही गेला. पण आता ओळीच्या शेवटी ‘ताणा त’ एवढेच येते.

उत्तर: बाइट_हिशेब

चौकोन गेला हा निव्वळ योगायोग आहे. सतरा बाइटांत ‘ताणा’, एक जागा, ‘त’ आणि उकाराचा पहिला बाइट येत होता. सोळात तो अर्धवट बाइट गळला. माग क्रमांक एकअंकी असला की चौकोन परत येईल. कापणे अटळच असेल तर कापलेल्या जागी जो बाइट येतो तो पाहावा: त्याचे वरचे दोन बिट १० असतील तर तो एखाद्या अक्षराच्या मधला बाइट आहे, तेव्हा तसे नसलेला बाइट मिळेपर्यंत मागे जाऊन तिथे नल लिहावा. एवढे केले तरी ‘ताणा त’ हे वैध यूटीएफ-८ आहे आणि जॉबरच्या (माग दुरुस्त करणाऱ्याच्या) काहीच उपयोगाचे नाही.

म्हणून कापलेली ओळ पाठवूच नये. जोडणारे एक छोटे फंक्शन लिहावे: त्याला सध्याचे टोक आणि बफरची हद्द हे दोन पॉइंटर द्यावेत, तुकडा नलसह मावला तर नवे टोक परत करावे, न मावला तर नल पॉइंटर (कुठेच न दाखवणारा), आणि आत नल पॉइंटर आला तर काही न करता तोच परत करावा. मग चार हाका एकापाठोपाठ लिहून शेवटी एकदाच तपासता येते. न मावलेला तुकडा वगळून पुढचा जोडत राहिलात तर शेडच्या रकान्यात माग क्रमांक येईल आणि ऑफिसातील संगणकाला ते कळणारही नाही.

बफर १२८ बाइटांचा जरूर करा, तुमची पूर्ण ओळ नलसह ७६ बाइटांची आहेच. पण यादी कारखान्याच्या हातात असल्याने तपासणी ठेवावीच लागेल. तपासणी फसली तर कारणाच्या शब्दांऐवजी त्याचा यादीतील क्रमांक पाठवावा. माझे विचाराल तर नेहमीच क्रमांक पाठवा आणि मराठी शब्द ऑफिसातील संगणकावर जोडा.

उत्तर: जुना_सीवाला

चाचणीबद्दल एक भर. हाच कोड पीसीवर ॲड्रेस सॅनिटायझर (मेमरीतील अतिक्रमण पकडणारे साधन) लावून चालवलात तर तो गप्प राहण्याची शक्यता आहे, कारण माग क्रमांक त्याच स्ट्रक्चरमध्ये आहे आणि एका स्ट्रक्चरच्या आतले अतिक्रमण त्याला सहसा दिसत नाही. संदेश चाचणीपुरता स्वतंत्र ॲरे करावा, किंवा जीलिबसीवर ऑप्टिमायझेशनसह फोर्टिफाय सोर्स या बफर-तपासणीच्या सोयीची पातळी २ वापरावी. त्या पातळीवर स्ट्रिंग फंक्शनांसाठी पूर्ण स्ट्रक्चरची नव्हे, तर त्या एका सदस्याची हद्द धरली जाते आणि पासष्टाव्या बाइटला हात लागताच प्रोग्रॅम बंद पडतो.