चहाच्या गंधाचे परफ्यूम : वास उडतो की माझे नाक दमते? (मदत हवी आहे)

शेवंती:

नमस्कार मंडळी,

गेल्या दिवाळीत मावसबहिणीने मला ग्रीन टीच्या गंधाचे परफ्यूम भेट दिले. तोपर्यंत माझी मजल मोगऱ्याच्या अत्तराचा फाया कानात ठेवण्यापलीकडे गेलेली नव्हती, त्यामुळे चहाचा वास अंगाला लावायचा ही कल्पनाच मला प्रथम विनोदी वाटली. आमच्या घरी चहा म्हणजे आले किसून, वेलची ठेचून, दूध घालून उकळलेला. तो अंगावर सांडला तर आपण साडी भिजत घालतो. बाटली उघडल्यावर मात्र आधी लिंबाच्या सालीचा आणि मग गरम पाण्यात नुकत्याच टाकलेल्या पत्तीच्या वाफेसारखा इतका हलका गंध आला की आता कार्यालयात जाताना दुसरे काही लावावेसे वाटत नाही. माझ्या शेजारी बसणाऱ्या सहकारी बाईंना अर्धशिशीचा त्रास आहे आणि त्यांना उग्र अत्तरे सोसत नाहीत, त्यामुळेही हे मला सोयीचे वाटले होते.

अडचण अशी आहे की सकाळी सात वाजता मी मानेवर आणि मनगटावर एकेक फवारा मारते, डोंबिवलीहून लोकल पकडते आणि साडेआठला टेबलाशी बसते, तेव्हा मनगट नाकाशी नेले तरी काहीच जाणवत नाही. म्हणून मी बाटली पर्समध्ये ठेवून तिथे पुन्हा फवारू लागले, तर त्याच बाईंनी एका दुपारी अगदी संकोचत सांगितले की वास फार येतो आहे. घरी यजमानांचे म्हणणे तिसरेच. त्यांना ना चहा जाणवतो ना फुले. व्हिनेगर सांडल्यासारखा आंबूस वास येतो म्हणतात. बाटली एक आणि नाके तीन, असा प्रकार झाला आहे.

मधल्या काळात मी एक उपद्व्यापही केला. आपला देशी चहाचा वास टिकेल या आशेने गवती चहाचे तेल थेट मनगटावर चोळले आणि आठवडाभर लाल चट्टे मिरवले. तो मार्ग बंद झाला आहे.

तर कृपया सांगावे : हा वास खरोखर उडून जातो का, आणि जात असेल तर तो टिकवावा कसा? की दोष माझ्या नाकाचा आहे? यजमानांचे आंबूस प्रकरण थट्टेवारी न्यावे की त्यात काही तथ्य आहे? आणि ज्याला आपण चहा म्हणतो, तशा वासाचे परफ्यूम मुळात असते का?

पन्हं:

फवारण्यापूर्वी त्वचेवर बिनवासाचे मॉइश्चरायझर किंवा व्हॅसलीन अगदी थोडे लावून पाहा; कोरड्या त्वचेपेक्षा तेलकट त्वचेवर वास अधिक रेंगाळतो. सुती कपड्यावर तो आणखी टिकतो. मात्र रेशमावर आणि मोत्यांवर चुकूनही फवारू नका. माझ्या एका पैठणीच्या पदरावर पडलेला डाग ड्रायक्लीनिंगनेही गेलेला नाही.

अत्तरदाणी:

शेवंतीताई, मी बरीच वर्षे उदबत्तीचे सुगंध जुळवण्याचे काम केले आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

तुमच्या बाटलीत बहुधा चहा नाहीच. चहाच्या पानांपासून अर्क निघतो, पण त्याचा वास गवताच्या गंजीकडे आणि तंबाखूकडे झुकतो. कपातून येणाऱ्या वाफेशी त्याचे साम्य कमीच असते. आज आपण ज्याला ग्रीन टीचा गंध म्हणतो तो जाँ-क्लोद एलेना या फ्रेंच अत्तरकाराने रूढ केला. पॅरिसमधल्या मारियाज फ्रेर या जुन्या चहाच्या दुकानात चहाचे डबे हुंगताना त्याला ही कल्पना सुचली आणि 1992 मध्ये बुल्गारी या इटालियन जवाहिऱ्यांसाठी त्याने ‘ओ पारफ्युमे ओ ते व्हेर’ तयार केले. त्यातली मेख अशी की आयोनोन आणि हेडिओन ही दोन द्रव्ये एकत्र आली की नाकाला चहाचा भास होतो. हेडिओन जाईच्या वळणाचे, हवेशीर, झिरझिरीत असते. आयोनोन हे व्हायोलेट फुलांच्या वासाचे द्रव्य टीमान आणि क्र्युगर या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी 1893 मध्ये जगापुढे आणले. ही फसवणूक मात्र म्हणता येणार नाही, कारण बीटा-आयोनोन खऱ्या चहातही असते. पाने सुकवताना आणि मुरवताना त्यांतले कॅरोटीन मोडते आणि त्यातून ते तयार होते. 1999 मध्ये फ्रान्सिस कुर्कजियानने एलिझाबेथ आर्डेनसाठी केलेले ‘ग्रीन टी’ बाजारात आले आणि हा गंध मध्यमवर्गाच्या आवाक्यात आला.

आता तुमच्या तीन नाकांकडे वळतो. या परफ्यूमचा आरंभ लिंबूवर्गीय तेलांनी होतो आणि ती पंधरावीस मिनिटांत जातात, आपल्याकडच्या उकाड्यात तर त्याहूनही लवकर. तेवढे खरोखर उडते. लोकल डोंबिवली सोडते तेव्हाच लिंबू संपलेले असते. मागे जे राहते त्यात आयोनोन असते आणि त्याच्याबाबत नाक विशेष लवकर थकते, असा अत्तरकारांचा जुना अनुभव आहे. वास असतो, पण ज्याने तो लावला आहे त्याला तो कळेनासा होतो. तुम्ही दुसऱ्यांदा फवारत होता तेव्हा पहिला थर शाबूत होता आणि तो तुमच्या सहकाऱ्यांच्या ताज्या नाकाला जाणवत होता.

यजमानांची थट्टा मात्र करू नका. 2013 मध्ये न्यूझीलंडमधील संशोधकांनी दाखवून दिले की बीटा-आयोनोनचा वास कसा लागतो हे मुख्यत्वे ओआर5ए1 या एकाच जनुकावर ठरते. त्या जनुकाच्या एका रूपाच्या माणसांना तो फुलांसारखा आणि अगदी थोड्या मात्रेतही जाणवतो. उरलेल्यांना तो जेमतेम लागतो, आणि लागला तर आंबट, व्हिनेगरसारखा. यजमानांनी वापरलेला शब्द वाचून मी खुर्चीतच सरसावून बसलो. परीक्षेवाचून निदान करणे बरे नव्हे, पण ते खरे बोलत असावेत.

खात्री करून घ्यायची असेल तर सुती रुमालावर एक फवारा मारून तो स्टीलच्या डब्यात बंद करा, तीन तासांनी मोकळ्या हवेत फिरून या आणि मग डबा उघडा.

निवांत नागपूरकर:

अत्तरदाणी यांच्या प्रतिसादातली माहिती उत्तम आहे, पण रुमालाची परीक्षा अपुरी वाटते. त्वचा गरम असते, तिला घाम येतो आणि तिच्यावरून वास कापडापेक्षा लवकर जातो. शिवाय बंद डब्यात तो कोंडून राहतो. रुमालावर टिकला म्हणजे मनगटावर टिकला, असे म्हणता येत नाही. खरी परीक्षा म्हणजे बाहेरून नुकत्याच आलेल्या माणसाला मनगट हुंगायला देणे.

अत्तरदाणी:

मान्य आहे. दोन्ही करावे.

कोरा चहा:

गवती चहाच्या तेलाबद्दल लिहितो, कारण हा प्रकार मी अनेकांकडून ऐकला आहे. त्या तेलात सिट्रल हे द्रव्य फार मोठ्या प्रमाणात असते आणि ते पातळ न करता लावले तर त्वचेला त्रास होऊ शकतो. नैसर्गिक आहे म्हणून निरुपद्रवी, ही समजूत सोडून द्यावी. अर्ल ग्रे चहाच्या वासाचे काही विकत घेणार असाल तर आणखी एक काळजी घ्या : त्यातला बर्गमॉट हा लिंबूवर्गीय फळाच्या सालीचा अर्क असतो आणि त्याच्या शुद्ध तेलातल्या बर्गाप्टेनमुळे ऊन लागल्यावर त्वचेवर काळे डाग पडू शकतात. परफ्यूममध्ये बहुधा बर्गाप्टेन काढलेले तेल वापरतात, परंतु घरी तेलांची मिश्रणे करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाबाबत : आपल्या मसाला चहाच्या जवळ जाणारे म्हणून बुल्गारीचेच 2003 चे ‘ओम्निया’ ओळखले जाते. धुराचा चहा आवडत असेल तर लार्तिझाँ पारफ्युमरचे ‘टी फॉर टू’ (2000, ऑलिव्हिया जियाकोबेत्ती) आहे. चीनच्या फुजियान प्रांतात पाइनच्या लाकडाच्या धुरावर सुकवलेला लॅपसांग सूचाँग चहा, मध आणि दालचिनी यांची त्यात आठवण येते. आल्याच्या, दूध आटत आलेल्या, अमृततुल्याच्या पातेल्याचा वास मात्र मला अजून कोणत्याही बाटलीत सापडलेला नाही, आणि खरे सांगायचे तर लोकलच्या गर्दीत तो अंगाला यावा अशी माझी इच्छाही नाही. ही दोन्ही परफ्यूम तुमच्या सध्याच्या बाटलीपेक्षा बरीच जड आहेत, त्यामुळे अर्धशिशी असलेल्या बाईंच्या शेजारी ती लावू नयेत.

शेवंती:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. शनिवारी सुट्टी होती, तेव्हा दोन्ही परीक्षा केल्या.

सकाळी सातला रुमालावर एक आणि मनगटावर एक फवारा मारला. आठनंतर मनगटावर मला काहीही जाणवत नव्हते. दहाच्या सुमारास नणंद आल्या; चप्पल काढण्यापूर्वीच त्यांच्यापुढे मनगट धरले. त्यांनी दोनदा हुंगून सांगितले की फुलांचा मंद वास आहे, लिंबू मुळीच नाही. त्यानंतर मी गच्चीवर अर्धा तास कपडे वाळत घातले आणि खाली येऊन पुन्हा मनगट हुंगले, तेव्हा मलाही तो पुसटसा लागला आणि पाचेक श्वासांत पुन्हा नाहीसा झाला. रुमालावर तर तो सकाळसारखाच होता. निवांत नागपूरकर यांचा आक्षेप योग्यच ठरला : दोन्हींत फरक चांगला जाणवण्यासारखा होता.

तोच डबा यजमानांपुढे धरला, तर त्यांनी विचारले, “लोणच्याचा आहे का?” आता मी त्यांच्याशी वाद घालत नाही, त्यांच्या समोर फवारणे तेवढे बंद केले आहे.

बाटली पर्समधून काढून कपाटात ठेवली आहे. यापुढे सकाळी एकच फवारा, तोही मानेवर नव्हे तर सुती ओढणीच्या मागच्या टोकावर, म्हणजे नाकापासून लांब, असे ठरवले आहे. सोमवारी कार्यालयातल्या बाईंना एवढा वास चालतो का ते विचारीन आणि इथे कळवीन. त्यांना तोही त्रासदायक वाटला, तर मोजक्या सुट्ट्यांपुरताच वापरीन. तोपर्यंत एक उपप्रश्न : ओढणी रोज धुतली नाही, तर कालचा आणि आजचा वास एकावर एक चढत जातो का?