लेअर कोंबड्यांचे पिंजरे आणि स्वस्त अंड्याचा हिशेब

धागाकर्ता:
आपल्याकडच्या बॅटरी पिंजऱ्यात, म्हणजे ओळीने रचलेल्या तारेच्या लहान पिंजऱ्यात, अंड्यांसाठी पाळलेल्या (लेअर) कोंबडीच्या वाट्याला साधारण ४५० चौरस सेंटिमीटर जागा येते, म्हणजे ए-फोर कागदाहूनही कमी. तिला पंख पसरता येत नाहीत, अंडे घालायला आडोसा मिळत नाही, आणि दाटीत टोचाटोची होऊ नये म्हणून तिची चोच लहानपणीच कापलेली असते. विधी आयोगाने जुलै २०१७ च्या २६९व्या अहवालात हे पिंजरे बंद करण्याची शिफारस केली आहे. पद्धत कार्यक्षम आहे एवढ्यावरून ती समर्थनीय ठरत नाही, असे माझे मत आहे.

शेडमालक:
आपण जागा मोजलीत, आजार मोजले नाहीत. पिंजऱ्यात विष्ठा जाळीतून खाली पडते, त्यामुळे कॉक्सिडिओसिस (विष्ठेतून पसरणारा आतड्याचा रोग) आणि जंत आटोक्यात राहतात. तुसावर मोकळ्या सोडलेल्या पक्ष्यांत टोचाटोची एकदा सुरू झाली की आवरत नाही. युरोपीय संघाने २०१२ पासून बंदी घातली ती साध्या पिंजऱ्यांवर. घरटे, दांडी आणि पक्ष्यामागे ७५० चौरस सेंटिमीटर जागा असलेला पिंजरा तेथे कायदेशीर आहे. गावरान कोंबडी वर्षाला शंभर अंडीही देत नाही, लेअर तीनशेच्या घरात देते. शाळेतील मुलांना अंडे मिळावे असे म्हणणाऱ्यांनी ते कोठून आणायचे, हेही सांगावे.

धागाकर्ता:
ती तीनशे अंडी वाण, संतुलित खाद्य आणि प्रकाशाचे वेळापत्रक यांची कमाई आहे. त्यांचे श्रेय पिंजऱ्याला देऊ नये. पिंजरा वाचवतो ती मुख्यतः जागा आणि मजुरी, आणि वादही तेवढ्याच बचतीपुरता आहे.

पशुवैद्यक:
दाटीचा धोका नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरने २००६ मध्ये पाहिला. बर्ड फ्लूमुळे तेथे लाखो पक्षी नष्ट करावे लागले. मात्र उघड्यावर फिरणाऱ्या कोंबड्यांचा रानपक्ष्यांशी अधिक संपर्क येतो, हे पिंजराविरोधकांनी विसरू नये. आणि लेअर वाणाची नर पिल्ले हॅचरीत (अंडी उबवणी केंद्रात) पहिल्याच दिवशी मारली जातात, ती पिंजरे गेले तरी वाचणार नाहीत; त्याबद्दल येथे कोणीच बोललेले नाही.

शेडमालक:
७५० चौरस सेंटिमीटरला माझी तत्त्वतः हरकत नाही. परंतु तेवढ्याच पिंजऱ्यांत पक्षी ४० टक्के कमी बसतील, कर्जाचा हप्ता मात्र तोच राहील, आणि रोज जाहीर होणारा अंड्याचा दर काही माझ्या हाती नसतो. हा फरक ग्राहक सोसणार की शासन, एवढे धागाकर्त्यांनी सांगावे.