ग्रीक दागिन्यांवरचे सोन्याचे रवे चिकटवले कसे असतील?

लुडबुड्या:
ग्रीसच्या क्रीट बेटावरच्या मालियाला सापडलेलं ते मधमाश्यांचं पदक बघितलंय का कुणी? इ.स.पू. 1800 ते 1700 च्या आसपासचं आहे, म्हणजे मिनोअन (क्रीटवरच्या प्राचीन संस्कृतीच्या) काळातलं. फोटो झूम करून करून बघितला, दोन माश्या समोरासमोर वाकलेल्या आणि मध्ये एक गोल चकती, तिच्यावर नुसते रवेच रवे, आणि एकाही रव्याच्या बुडाशी डाक (सांधा जोडायला वितळवतात तो धातू) पसरलेला दिसत नाही. गॅसची बत्ती नाही, भिंग नाही, मग हे केलं कसं? डाक वापरला असता तर तो वितळून फटींमध्ये भरला असता ना? दुसरं म्हणजे ग्रीकांची लोंबती कानातली एवढी भरगच्च असतात, कान तुटत नसतील का बायकांचे?

खटपट्या:
डाक वापरलाच नाही, तीच तर गंमत आहे. आधी रवे कसे होतात ते सांगतो, सोन्याचे बारीक कण कोळशाच्या भुकटीत एकमेकांना लागणार नाहीत असे पसरायचे आणि मूस तापवायची, सोनं वितळलं की आपोआप गोल होतं, हाताने घडवावं लागत नाही. मग मॅलेकाइट, म्हणजे तांब्याचं हिरवं खनिज, वाटून डिंकात कालवायचं आणि त्यानेच रवे पत्र्यावर बसवायचे. तापवलं की डिंक जळून त्याचा कोळसा होतो, तो कोळसा तांब्याच्या ऑक्साइडमधला ऑक्सिजन ओढून घेतो आणि रवा जिथे टेकलाय तेवढ्याच जागी शुद्ध तांबं उरतं. सोनं वितळतं 1064 अंशांना, पण तांबं मिसळलं की 900 च्या आतबाहेरच तो सांधा पाझरतो, बाकी सगळं घट्टच राहतं. फक्त आच किंचित जास्त झाली की महिनाभराचं काम एका क्षणात गोळा होऊन बसणार, ते अंगात असलेल्या सवयीवरच. 19 व्या शतकात रोममधल्या कास्तेलानी घराण्याने हे काम पुन्हा जमवायला जंग जंग पछाडलं होतं, आणि तांब्याच्या या पद्धतीचं पेटंट लिटलडेल नावाच्या ब्रिटिश माणसाने घेतलं ते 1930 च्या दशकात!

घुबड_जागं_आहे:
बरोबर आहे, पण सगळीकडे हीच रीत होती असं धरू नका, नुसती नेमकी आच देऊनही रवे बसतात.
वजनाचं म्हणाल तर दिसतं तेवढं नसतं हो. बहुतेक काम पातळ पत्र्याचं, ठशावर ठोकून दोन अर्धे भाग करायचे आणि जोडायचे, आत पोकळ. बॉस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्समध्ये इ.स.पू. चौथ्या शतकातलं एक कानातलं आहे, पंखवाली निके (ग्रीकांची विजयदेवी) दोन घोड्यांचा रथ हाकतेय, लगाम, पंखांची पिसं सगळं दिसतं आणि उंची जेमतेम 5 सेंटीमीटर. मला विचाराल तर ओतीव काम करणाऱ्याला हे जमलंच नसतं. उलट उत्तर ग्रीसमधल्या वेर्गिनाच्या राजथडग्यातला ओकच्या पानांचा मुकुट घ्या, 313 पानं आणि 68 ओकफळं, तो वजनदारच आहे, पण तो राजाचा.

लुडबुड्या:
भारीच! पण मग खडे का दिसत नाहीत? सगळं सोनंच सोनं.

घुबड_जागं_आहे:
अलेक्झांडरच्या आधी खडे कमीच, रंग हवा असेल तर तारेच्या नक्षीत निळा-हिरवा मिना (काचेचा रंगीत लेप) भरायचे. त्याने इराणचे खजिने लुटले, पूर्वेचे रस्ते खुले झाले, मग सोनंही ढिगाने आलं आणि लाल गार्नेटची फॅशन सुरू झाली. हेराक्लीसची गाठ म्हणतात ती, दोन फासे एकमेकांत अडकवलेली, दागिन्याच्या मधोमध आणि तिच्यात मोठा गार्नेट, हे तेव्हाचं. थोडं भडक होत गेलं असं माझं मत, ज्याची त्याची आवड.

तारेवरची_कसरत:
तारेचं राहिलंच की. भोकांच्या जंत्रीतून तार ओढायची पद्धत तेव्हा नव्हती, पत्र्याची अरुंद पट्टी कापून पीळ द्यायचा आणि दोन सपाट दगडांमध्ये लाटून गोल करायची. म्हणून जुन्या तारेवर भिंगातून बघितलं तर बारीक तिरकी रेघ स्क्रूसारखी गोल गोल फिरत गेलेली दिसते. ओढलेल्या तारेवर सरळ लांबट ओरखडे असतात, त्यामुळे ‘प्राचीन ग्रीक’ म्हणून आलेला माल तपासताना जाणकार आधी तार बघतात आणि मग रवे.