वेबसाइटवर एका पानावर जाहिराती किती ठेवाव्यात? सल्ला हवाय

तांदूळपिठी: नमस्कार मंडळी. माझी मराठी पाककृतींची साइट आहे, जाहिराती अ‍ॅडसेन्सच्या, म्हणजे गूगलच्या जाहिरात सेवेच्या. बहुतेक वाचक मोबाइलवरून येतात. पानावर तीन जाहिराती होत्या, दिवाळीआधी आठ केल्या. दोन आठवडे कमाई वाढली, मग घसरली ती आता पहिल्यापेक्षाही खाली आहे. चकलीचं साहित्य जाहिरातींत शोधावं लागतं, असं एका काकूंनी कळवलं. फार लागलं मनाला. किती कमी करू?

घाटवाटा: ताई, आधी रिपोर्टमध्ये पेज आरपीएम बघा, म्हणजे हजार पानांमागे किती मिळाले ते. तो वाढूनही कमाई पडली असेल, तर वाचक पानं कमी उघडताहेत. माझ्या ट्रेकिंगच्या साइटवर अगदी हेच झालं होतं. आठ जागा केल्या म्हणून वाचकाचं लक्ष आठपट होत नाही, ते वाटलं जातं. निम्मी जाहिरात निदान एक सेकंद स्क्रीनवर राहिली तरच ती 'दिसली' असं धरतात. पार तळाशी असलेल्या जागा दिसतच नाहीत, मग जाहिरातदार लिलावात त्यांना बोलीही कमी लावतात.

कोपरापासून_नमस्कार: पानामागे तीनच जाहिरातींची मर्यादा गूगलने २०१६ मध्येच काढली. पण मजकुरापेक्षा जाहिराती जास्त नकोत, हा नियम आहेच. शिवाय मोबाइलवर मजकुराच्या उंचीच्या ३० टक्क्यांहून जास्त जागा जाहिरातींनी व्यापली, तर ते 'बेटर अ‍ॅड्स'च्या, म्हणजे त्रासदायक जाहिराती ठरवणाऱ्या, निकषांत बसत नाही. असे निकष वारंवार मोडणाऱ्या साइटवरच्या सगळ्याच जाहिराती क्रोम अडवतं, जुलै २०१९ पासून जगभर. लांब लेखात आठ खपतील, चकलीच्या छोट्या कृतीत नाही.

घाटवाटा: आणि दिवाळीनंतर जाहिरातींचे दरही उतरतात, त्यामुळे आधी-नंतरची तुलना फसवी ठरते. निम्म्या पाककृतींना चार, निम्म्यांना आठ असं एकाच वेळी महिनाभर ठेवून बघा. जाहिरात उशिरा येऊन मजकूर खाली ढकलत असेल तर तेही थांबवा, तिची जागा आधीच राखून ठेवा. वाचतावाचता ओळ निसटली की माणूस वैतागून जातो.

तांदूळपिठी: मनापासून आभार दोघांचे. उद्याच चकली, करंजी, अनारशांना चार करते. साहित्य आणि कृती यांच्या मध्ये मात्र कुठल्याच पानावर जाहिरात नाही, आकडे काहीही येवोत. आणि जाहिरातीची जागा आधीच राखून ठेवायची कशी?

घाटवाटा: जाहिरातीभोवतीच्या डिव्हला, म्हणजे पानाच्या कोडमधल्या चौकटीला, सीएसएसमध्ये (पानाची मांडणी ठरवणाऱ्या कोडमध्ये) मिन-हाइट, म्हणजे किमान उंची, २८० पिक्सेल द्या. ३०० बाय २५० ची जाहिरात त्यात नीट बसते.