रंगीत पुरवणीतील स्त्रिया आणि आमचे वाचनालय

प्रश्न (ग्रंथपाल, देवगड तालुका):
आमच्या वाचनालयात संध्याकाळी शाळकरी मुले-मुली वर्तमानपत्रे चाळायला येतात. कसलीही बातमी नसताना नटीचे अर्धे पान व्यापणारे छायाचित्र आणि त्याखाली तिच्या बांध्यावर शेरे, हे रंगीत पुरवणीत आता रोजचे झाले आहे. मी ती पुरवणी काढून ठेवू लागले, तेव्हा कार्यकारिणीतील एका ज्येष्ठांनी त्याला सोवळेपणा म्हटले. १८३२ साली ‘दर्पण’ सुरू करणारे बाळशास्त्री जांभेकर याच तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे, त्यामुळे मनाला अधिकच लागते. माझे चुकते आहे का?

उत्तर (हर्णै):
ताई, कपडे किती हा प्रश्नच नव्हे. मागे एका दैनिकाने आमच्या बंदरावरील मासळीच्या लिलावावर लेख छापला. सोबतच्या छायाचित्रात पाटी उचलायला वाकलेली, पाठमोरी, अंगभर लुगडे नेसलेली एक बाई होती. चेहरा नाही, नाव नाही. लेखात बोटमालक बोलले, व्यापारी बोलले, बर्फवालासुद्धा बोलला. पण पहाटे बोली लावून माल उचलणाऱ्या आणि वर्षभराची उधारी तोंडपाठ ठेवणाऱ्या बायकांपैकी एकीलाही कोणी विचारले नव्हते. माझ्या आईने ते पान मासळी बांधायलाही घेतले नाही, चुलीत घातले.

उत्तर (वकील, रत्नागिरी):
स्त्रियांच्या असभ्य चित्रणाला मनाई करणारा १९८६ चा कायदा जाहिराती आणि प्रकाशने दोन्हींना लागू आहे, परंतु हर्णैचे छायाचित्र त्यात बसवणे अवघड आहे. भारतीय प्रेस परिषदेचा मार्ग मोकळा आहे: आधी संपादकांना लेखी कळवावे, आणि दाद न मिळाल्यास, दैनिक असेल तर, प्रसिद्धीपासून दोन महिन्यांत तक्रार करावी. परिषद दंड करू शकत नाही, समज देते किंवा निषेध नोंदवते. म्हणून वाचकांचा रेटा मला अधिक मोलाचा वाटतो. ब्रिटनमधील ‘द सन’ने १९७० पासून तिसऱ्या पानावर छापलेली उघड्या छातीच्या मुलींची छायाचित्रे २०१५ मध्ये थांबली ती कायद्याने नव्हे, त्याआधी २०१२ पासून वाचकांनी सह्यांची मोहीम चालवली होती.

ग्रंथपाल:
पुरवणी उद्यापासून पुन्हा मेजावर ठेवते आणि संपादकांना लिहायच्या पत्रावर मुलींच्याही सह्या घेते. हर्णैकर, आपल्या आईंना लिलावाविषयी जे सांगायचे होते, ते त्यांच्याच शब्दांत लिहून पाठवाल का? आमच्या फलकावर त्यांच्या नावानिशी लावीन.